शाळेच्या फाटकापासून घरोब्यापर्यंत

मुलेबाळे घेऊन नव्या शहरात आलेल्या कुटुंबाला ओळखी करायला फार दिवस लागत नाहीत. घरमालक, दूधवाला, किराणा दुकानदार, मुलांना शाळेत नेणारे रिक्षावाले काका, कंपनीतले सहकारी ही माणसे महिनाभरात जमतात. मित्र मात्र दोन-दोन वर्षे उलटली तरी मिळत नाहीत. लेकराला रात्री ताप भरला, गावाकडून अचानक निरोप आला, नोकरीवर गदा आली, तर आधी फोन न करता ज्या दारात जाऊन उभे राहता येईल असे एखादे तरी घर शहरात असावे, ही या आईबापांची खरी गरज असते. कॉलेजातली मैत्री दोघांत होते. संसारी माणसांची मैत्री दोन घरांत व्हावी लागते, आणि म्हणूनच ती जास्त वेळ घेते.

छत्रपती संभाजीनगरात अशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. औरंगाबाद या नावाने १९९१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७३ हजार होती, २०११मध्ये ती ११ लाख ७५ हजारांवर गेली. वीस वर्षांत शहर दुपटीने वाढते तेव्हा ती वाढ एकट्या पाळण्यांनी होत नसते. १९५८मध्ये विद्यापीठ आले, १९८१मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली आणि १९८०च्या दशकात वाळूजला बजाज ऑटोच्या पाठोपाठ सुट्या भागांचे शेकडो कारखाने उभे राहिले. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, जळगाव इथून माणसे येत राहिली. त्यांतली पुष्कळशी लग्न झालेली किंवा नोकरी लागताच लग्न करणारी होती.

बाहेरून येऊन वसणे या शहराला नवीन नाही. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले, तेव्हाच भोसले घराण्यातल्या सरदारांच्या नावांनी मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशा वस्त्या झाल्या. पुढे मोगलाईत बिकानेरच्या राजा करणसिंहाचा करणपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांचा जयसिंगपुरा उभा राहिला. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे ही शहराची जुनी ओळख अशी घडली. या पुऱ्यांत येणारा माणूस एकटा येत नसे. सरदाराबरोबर त्याचे शिपाई, कारकून, भटजी, कारागीर आणि त्यांची बायकामुले येत. देऊळ, विहीर, बाजार आपापला असे. शेजारी कोण हे येण्याआधीच ठरलेले असायचे. मैत्री जुळायला लागणारी सगळी सामग्री वस्तीच्या पोटातच होती.

आज सिडकोच्या एन-सहामध्ये किंवा सातारा परिसरातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये टेम्पोतून सामान उतरवणारे कुटुंब चार जणांचे असते. भावकी गावाकडे, शाळासोबती चार शहरांत विखुरलेले. बाईचे तर दुहेरी उपटणे होते. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक आपल्या आधीच्या ठिकाणाहून दुसरीकडे राहायला गेलेले होते, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याचे सर्वांत मोठे कारण लग्न हे होते. म्हणजे माहेरच्या मैत्रिणी पहिल्या झटक्यात तुटतात. सासरच्या गावी जावा, नणंदा, शेजारणी यांच्यात पाच-सहा वर्षांत जे जमते ते नवऱ्याच्या नोकरीपायी दुसऱ्या झटक्यात सुटते. तिसऱ्यांदा सुरुवात करताना तिशी उलटलेली असते आणि कडेवर मूल असते. या थकव्याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेत नाही.

मैत्री कशी होते याचा अभ्यास झाला आहे आणि त्यातला एक जुना अभ्यास तर विवाहित जोडप्यांचाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटी या संस्थेने शिकायला आलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तिथे कोणाची कोणाशी मैत्री झाली हे तपासून १९५०मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. स्वभाव आणि आवडीनिवडी यांच्यापेक्षा दारे किती जवळ आहेत यावर मैत्री जास्त ठरत होती. एका दाराने अंतर वाढले तरी मैत्रीचे प्रमाण घटत होते. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र अधिक मिळत, कारण सगळे त्यांच्यासमोरून जात. पुढे २०१८मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नुकतेच गाव बदललेल्या प्रौढ माणसांना विचारून वेळेचा अंदाज मांडला. नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावे इतके व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून अधिक तास एकत्र जावे लागतात, असा तो अंदाज आहे. एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे धरले जात नाहीत, हेही त्यांना आढळले. कंपनीत रोज आठ तास शेजारी बसणारा माणूस पाच वर्षांनीही सहकारीच का राहतो, याचे उत्तर त्यात आहे.

हे ५० तास संसारी माणसाने आणायचे कुठून? मुलांची शाळा ही त्याची पहिली जागा.

औरंगपुरा हा जुन्या शहरातला शाळा-कॉलेजांचा आणि बाजाराचा भाग. १९१५मध्ये निजामी राजवटीत सुरू झालेली सरस्वती भुवन संस्था इथलीच, जिला सारे शहर ‘सभु’ म्हणते. जवळच गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी नव्या कॉलन्यांतली कुटुंबेही इथे येतात. या भागात शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी पाहिले तर नव्या शहरातली मैत्री कशी सुरू होते ते दिसते. स्कूट्या आडव्यातिडव्या लावलेल्या असतात. उन्हासाठी स्कार्फ बांधलेल्या आया एका झाडाच्या सावलीत जमतात. वडील जरा लांब, गाडीवर बसूनच असतात, आजोबा पायरीवर. पहिल्या आठवड्यात बोलणे होते ते ‘उद्या पांढरा ड्रेस आहे का?’ एवढेच. मग ‘गणिताची वही तपासून मिळाली का?’, मग ‘तुमचं गाव कोणतं?’ मराठवाड्यात हा तिसरा प्रश्न आला की गाडी पुढे सरकते. गाव कळले की तालुका निघतो, तालुक्यात कोणी पाव्हणा निघतो आणि दोघी अनोळखी राहत नाहीत. नंतर एक दिवस एकीला उशीर होतो आणि ती फोन करते, ‘माझ्या पिल्लूला तुमच्याजवळ थांबवता का, मी दहा मिनिटांत आले.’ ओळख इथे कूस बदलते. हक्काने सांगितलेले पहिले काम साध्या गप्पांच्या दहा दिवसांइतके पुढे नेते.

शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस भरावी लागते. फाटकापाशी रोज १५ मिनिटे धरली तर वर्षात बरोबर ५० तास होतात. हॉल यांचा पहिला टप्पा नुसत्या वाट पाहण्यात गाठता येतो. अट एवढीच की ती १५ मिनिटे मोबाइलमध्ये जाऊ नयेत, आणि मूल रिक्षाने किंवा बसने जात नसावे. ज्या घरात दोघेही नोकरी करतात तिथे रिक्षा लावावीच लागते. त्यांच्या वाट्याला वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तेवढा येतो. त्यावर गृहपाठ मिळतो, माणूस मिळत नाही.

फाटकापाशी जमलेली ओळख घरापर्यंत नेणे हे अवघड पाऊल आहे. फोनमध्ये नंबर ‘सई मम्मी’, ‘ओम पप्पा’ असा साठवलेला असतो आणि वर्षभर खरे नाव विचारलेच जात नाही. ‘वहिनी’, ‘ताई’, ‘सर’ यांवर भागते. मुलांच्या पलीकडचा विषय निघाल्याशिवाय ही मैत्री मोठ्यांची होत नाही: शिवणकाम, शेती, आईचे दुखणे, सुटलेली नोकरी, नाटकाची आवड, काहीही. त्यातून दोन घरांनी जवळ यायचे म्हणजे गणितही सोपे नाही. चार मोठी माणसे म्हटली की त्यांच्यात सहा जोड्या होतात. दोन जोड्या नवराबायकोच्या, उरलेल्या चार नव्याने जुळाव्या लागतात. त्यात मुलांचे भांडण झाले की मोठ्यांचे येणे-जाणे महिनाभर थांबते. बायकांचे जमले आणि नवऱ्यांचे जमले नाही, असेच बहुतेक घरांत होते, आणि तेवढे पुरेसे मानायला हरकत नसावी. चारही जोड्या सारख्याच घट्ट झाल्या पाहिजेत असा हट्ट धरणारे शेवटी एकटेच राहतात.

घरात पाऊल टाकायला निमित्त लागते, आणि निमित्ते पुरवण्यात मराठी संस्कृती श्रीमंत आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदी-कुंकू हे त्यांतले सर्वांत उपयोगी. या समारंभाची रचनाच नवख्या बाईसाठी केल्यासारखी आहे. बोलवायला आधीची ओळख लागत नाही, एकाच जिन्यात राहणे पुरते. दारावर येऊन ‘आज संध्याकाळी पाच ते आठ, नक्की या’ एवढे सांगितले जाते. आलेल्या बाईला हळदी-कुंकू, अत्तर, तिळगूळ, हातात वाण, थोडा फराळ. पंधरा-वीस मिनिटांत निघाले तरी कोणाला वाईट वाटत नाही. त्या वेळात सात-आठ घरांतल्या बाया दिसतात, कोण कुठे राहते कळते आणि स्वयंपाकघरापर्यंत नजर जाऊन येते. मग आपल्याकडे बोलावणे ओघानेच येते. एका पंधरवड्यात नवी बाई पाहुणी होते आणि यजमानीणही. चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवात आंब्याची डाळ आणि पन्हे यांनी हेच पुन्हा घडते. या प्रथेचा मोठा दोषही तिच्या मुळाशीच आहे: ती सवाष्णींपुरती राहिली. नवरा गमावलेली आणि मुलांना घेऊन शहरात राहणारी बाई, जिला मैत्रिणींची गरज सर्वांत जास्त, तीच दाराबाहेर राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. काही महिला मंडळे आता सगळ्यांना बोलावतात. जिथे बोलावत नाहीत तिथे नव्याने राहायला आलेल्या बाईने सुरुवात करायला हरकत नाही, तिच्यावर जुन्या रिवाजाचे ओझे कमी असते.

हळदी-कुंकू ओळख घडवते, भिशी ती टिकवते. बारा जणींनी दर महिन्याला हजार-हजार रुपये काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचे नाव निघेल तिने १२ हजार घ्यायचे आणि त्या महिन्यात सगळ्यांना आपल्या घरी बोलवायचे. ज्यांची चिठ्ठी आधी निघाली त्यांनी उरलेले महिने पैसे भरत राहायचे असतात, आणि त्याला कागद-करार नसतो. हा विश्वासच भिशीचा पाया आहे. म्हणून भिशीत नव्या बाईला कोणीतरी ‘माझ्या जबाबदारीवर’ म्हणून घ्यावे लागते. महिन्याला अडीच तास धरले तरी वर्षाला ३० तास, आणि बाराही घरे पाहून होतात. बैठक टळत नाही, कारण पैसे त्यात गुंतलेले असतात. ‘कधीतरी भेटू’ म्हणणाऱ्यांच्या भेटी होत नाहीत, तारीख ठरलेल्यांच्या होतात.

या शहरात शेजाऱ्यांना जवळ आणणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. पैठणच्या जायकवाडी धरणातून येणारे नळाचे पाणी अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने मिळत आले. त्यामुळे ‘आपल्याकडे पाणी कधी आहे?’ हा इथल्या जिन्यातला पहिला प्रश्न. पाणी सुटले की शेजारी फोन करतो. घरात कोणी नसले तर किल्ली त्याच्याकडे असते आणि तोच मोटार लावून टाकी भरून ठेवतो. टँकर मागवला तर दोन घरे मिळून मागवतात. टंचाईचे कौतुक करण्यासारखे काहीच नाही, तिने बायांची उमेदीची वर्षे खाल्ली आहेत. पण अनोळखी माणसाकडे घराची किल्ली जायला दुसऱ्या शहरात जेवढा काळ लागेल तेवढा इथे लागत नाही, हेही खरे. वाटीभर साखर, कढीपत्त्याची डहाळी, गॅस संपला म्हणून दुसऱ्याच्या शेगडीवर तापवलेले दूध यांचा उपयोग तोच. उसने घेतलेले परत करायला जावेच लागते, आणि परत जाणारी वाटी रिकामी पाठवायची नाही ही आपली रीत आहे.

पुरुषांचे काय, हा प्रश्न यात मागे पडतो, कारण त्यांच्यासाठी अशी बांधलेली निमित्ते कमी आहेत. वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी आलटूनपालटून येते. दोन मित्रांच्या पाळ्या उलट्या पडल्या तर एकाच गल्लीत राहून त्यांची आठवडाभर गाठ पडत नाही. मुंबईच्या गिरणगावातला कामगार या बाबतीत जास्त नशीबवान म्हणावा लागेल. तो बहुतेक वेळा कुटुंब गावी ठेवून आलेला असे, गाववाल्यांच्या खोलीत राही, खाणावळीत त्यांच्याच पंक्तीला जेवे. बायकामुलांचा विरह होता, मित्रांचा नव्हता. वाळूजजवळच्या बजाजनगरातला कामगार कुटुंब घेऊन राहतो, त्यामुळे त्याचा मोकळा वेळ घराचा असतो आणि असायलाही हवा. तरी तिथे मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली घरे एका गल्लीत आल्यामुळे गणेश मंडळे आणि भजनी मंडळे लवकर उभी राहिली. जवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला यात्रा भरते. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते तिथपर्यंत पायी जातात. शहरात सिद्धार्थ उद्यान, गोगाबाबा टेकडी, विद्यापीठाचा परिसर इथे पहाटे फिरणाऱ्यांचे गट आहेत. पुरुषांची मैत्री समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बरोबरीने काही करताना जास्त जमते: चालताना, मांडव घालताना, गाडी दुरुस्त करताना. बाप मुलाला क्रिकेटच्या शिबिराला सोडून गाडीत बसून राहतो, त्याऐवजी तिथल्या दुसऱ्या बापाबरोबर मैदानाला फेऱ्या मारायला लागला तर त्याचे ५० तासही तिथेच सुरू होतात.

हिवाळ्यात मात्र सगळी घरे एकत्र काढता येतात. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की कोणाच्या तरी सासरच्या किंवा मामाच्या शेतावर चार कुटुंबे निघतात. आगटीत भाजलेली कणसे, चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत तिळाची चटणी, दही, गूळ, बोरे. दिवसभर मुले रानात, बाया झाडाखाली, पुरुष आगटीशी. एका दिवसात आठ तास पदरात पडतात, आणि कोणत्याही दोन घरांतल्या चारही नव्या जोड्यांना एकदम संधी मिळते. स्वतःची शेती असलेल्याने नव्या शेजाऱ्याला हुरड्याला नेणे हे मराठवाड्यात मोठे आदरातिथ्य मानले जाते.

देशाबाहेर गेलेल्या मराठी आईबापांनी हेच साधायला संस्था काढल्या. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झाले. तिकडच्या मंडळांच्या मराठी शाळांत मुले मुळाक्षरे गिरवतात तोवर पालक चहा घेत थांबतात, आणि तिथल्या कितीतरी घरोब्यांची सुरुवात त्या चहाची आहे. परदेशात मराठी असणे एवढेच जवळ यायला पुरते.

इथे ते पुरत नाही. भाड्याचे घर शोधणाऱ्याला पहिल्याच भेटीत आडनाव विचारले जाते, मग खाणेपिणे विचारले जाते, आणि नकार बहुधा ‘घर कालच दिले’ अशा शब्दांत येतो. दलित आणि मुस्लिम कुटुंबांना हे वारंवार सोसावे लागते. वेस्टगेटचा अभ्यास इथे लावून पाहिला तर नुकसान किती खोल आहे हे कळते. शेजारी दारांत मैत्री होते, आणि शेजारी दार कोणाला मिळणार हे घरमालक जात-धर्म पाहून ठरवतो, म्हणजे मैत्री कोणाशी होणार हेही तोच ठरवतो. मग दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा यांची देवाणघेवाण ज्या जुन्या गल्ल्यांत चालत आली तिथेच राहते, नव्या कॉलन्यांत पोचत नाही. शाळा, कारखाना, दवाखाना या जागा अजून सरमिसळीच्या आहेत. मुलाच्या वाढदिवसाला वर्गातल्या कोणत्या मुलांना बोलवायचे हे मुलावर सोडले, तर दारात येणारे पालक आपोआप सगळ्या वस्त्यांतले असतात. जेवणाचा प्रश्न यात जेवढा मोठा केला जातो तेवढा तो नाही. पावभाजी आणि केक सगळ्यांना चालतो.

बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांची घाई वेगळी असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याचा एका पदावरचा काळ २००५च्या बदली कायद्यानुसार साधारण तीन वर्षांचा. पहिले वर्ष घर लागण्यात आणि शेवटचे सहा महिने नवीन ठिकाणच्या चौकशीत जातात. म्हणून अशी जाणती घरे येताच शासकीय वसाहतीतल्या मंडळात नाव घालतात, आणि ‘थोड्याच दिवसांसाठी आलो आहोत’ हे वाक्य टाळतात, कारण ते ऐकले की समोरचा माणूस जवळ येत नाही. ज्यांचा मुक्काम कायमचा आहे त्यांच्यापुढे वेगळी मुदत असते: मुलांची दहावी. शाळा सुटते, वर्गाचा ग्रुप गप्प होतो, फाटकापाशी जायचे कारण उरत नाही. ज्या पालकांत मुलांखेरीज काहीच सामाईक नव्हते त्यांची ओळख तिथे संपते. ज्यांची भिशी चालू आहे, जे टेकडीवर जातात, ज्यांनी एकमेकांच्या आईवडिलांचे दवाखाने केले आहेत, त्यांची मुले पुढे पुण्या-बंगळुरूला गेली तरी घरे एकमेकांची राहतात. साधारणपणे पहिल्या चार-पाच वर्षांत असे एक-दोन घरोबे झाले तर कुटुंब त्या शहरात रुळले असे समजायला हरकत नाही. त्याहून जास्त घरे सांभाळायला संसारी माणसाकडे वेळही नसतो.